सकाळचेच राग

आमच्या घरात शास्त्रीय संगीतातलं कुणालाच काही कळत नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. आप्पा चादरीच्या कारखान्यात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, आई घरी, आणि आम्ही राहायला सोलापूरच्या पूर्व भागात, म्हणजे ज्याला सोलापूर माहितीये त्याला कळलंच असेल दिवसभर कानावर काय पडायचं ते. लूम आठला सुरू. त्याआधी जे काय ऐकायचंय ते ऐकून घ्यायचं.

रेडिओ आप्पांचा. खिडकीत ठेवलेला, वर आईनं विणलेलं क्रोशाचं कव्हर, आणि दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही असा नियम. सहाच्या सुमाराला ती आकाशवाणीची धून वाजायची, की आम्ही पांघरूण अजून वर ओढायचो. (ती धून वॉल्टर कॉफमन नावाच्या माणसानं केलीय, युरोपातून नाझींच्या धाकानं इकडं आलेला, हे मला चाळिशीत कळलं. मी तर समजायचो देवळातलं काहीतरी असेल.) मग भक्तिगीतं, मग संस्कृत बातम्या, सात पाचला पुण्याहून प्रादेशिक बातम्या, आणि साडेसातला विविध भारतीवर संगीत सरिता. पंधरा मिनिटं. एखादा राग घ्यायचे, आरोह-अवरोह, म्हणजे त्यातल्या सुरांचा चढ-उतार, सांगायचे, त्यातलं सिनेमाचं गाणं लावायचे आणि मग कुणीतरी बुजुर्ग तोच राग गायचे. आप्पा तेवढ्यात दाढी करून घ्यायचे. ते काही मान डोलवत वगैरे नव्हते हां, गालाला साबण लावून गप उभे.

मला त्यातलं सिनेमाचं गाणं तेवढं आवडायचं. पुढचं आ आ आ सुरू झालं की मी म्हणायचो, आप्पा बंद करा की. ते म्हणायचे, "थांब की बे, आत्ता कुठं लागलंय."

आता मोटरीची गोष्ट. आमच्याकडं नळाला पाणी रोज यायचं नाही, पण ज्या दिवशी यायचं त्या दिवशी नेमकं याच वेळेला, आणि पाणी आलं रे आलं की गल्लीतल्या सगळ्यांच्या मोटरी एकदम सुरू व्हायच्या आणि रेडिओत घर्रर्र. त्यामुळं गाण्याच्या मागं जे सारखं एक घुंऽऽ चालू असतं ना, ते मी कितीतरी वर्षं शेजारच्या तेलुगू मावशींची मोटर समजत होतो. खरंच. मग एके दिवशी पाणी गेलं, मावशींनी मोटर बंद केली, घागरी आत नेल्या, गल्ली शांत झाली, आणि घुंऽऽ तसंच चालू. मी उठून रेडिओपाशी गेलो, कान लावला. आप्पा आरशातून म्हणाले, "तंबोरा आहे तो." त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं की गाणारा माणूस सारखा फिरून फिरून त्याच्याचकडं येतोय. कोण गात होतं आठवत नाही, राग अहिर भैरव होता एवढं नक्की.

तिथून मी लागलो नादाला. शिकलो काहीच नाही, नुसतं ओळखायला लागलो. हा भैरव, ही तोडी, हा ललत कारण दोन्ही मध्यम, म्हणजे ‘म’ सुराची दोन्ही रूपं, असं. देशकार तर एवढा पाठ की दोन सुरांत सांगायचो. गल्लीत त्याचा उपयोग शून्य.

आणि मग नोकरी लागल्यावर एकदा संध्याकाळी हुतात्मा स्मृती मंदिरात गाण्याला गेलो, तिकीट काढून, इस्त्रीचा शर्ट घालून. बाईंनी सूर लावला आणि मी शेजारच्या काकांना एकदम तज्ज्ञासारखं म्हटलं, देशकार! रात्रीचा कसा काय? काकांनी चष्म्यावरून बघितलं. "अहो, भूप आहे. संध्याकाळचा राग." सूर तेच की, मी म्हटलं, सा रे ग प ध. "सूर तेच. पण ती थांबतीय कुठं बघा. गंधारावर, म्हणजे ‘ग’वर. देशकार असता तर धैवतावर, ‘ध’वर, बसली असती." मग मी ऐकत राहिलो आणि बाई खरंच त्या गंधारावर अशा येऊन टेकायच्या, की दिवसभराचं काम आटोपून माणूस ओट्यावर बसावा तसं. देशकारात असं टेकणं नाही, तो वरच्या अंगानं, म्हणजे वरच्या सुरांत चाललेला, उजाडलेला. पाचच सूर, आणि नुसतं वजन इकडचं तिकडं केलं तर सकाळची संध्याकाळ होतीय. इंटरव्हलमध्ये बटाटेवडा खाताना हिशोब केला: संध्याकाळचे राग म्हणाल तर मला यमन येत नाही, पूरिया येत नाही, मारवा तर नुसता नावानं माहिती. माझं सगळं संगीत पावणेआठला संपत होतं.

घरी आलो तर आप्पा जागे होते. त्यांना सगळं सांगितलं आणि थोडं तक्रारीच्याच सुरात विचारलं, संध्याकाळी का नाही हो लावला कधी रेडिओ?

"संध्याकाळी मी घरात होतो का रे," आप्पा म्हणाले. "आठला तर लूम बंद व्हायचा."

मग जरा वेळानं म्हणाले, "कसा असतो तो भूप? म्हण बघू."