बायोची शिकवणी, पंचवीस हजारांची पावती आणि लॅबमधले मामा

आधी एक कबुली देऊन टाकते, म्हणजे पुढे माझा सूर का चढलाय ते कळेल. मी साताऱ्यात एका पतसंस्थेत काम करते. कर्जाचे कागद घेऊन आलेल्या माणसाला "वाचून सही करा हो" असं दिवसातून दहा वेळा सांगणं हा माझ्या नोकरीचाच भाग. आणि लेकीच्या क्लासच्या प्रवेश अर्जावर मी न वाचता सही केली. चार ठिकाणी.

लेक दहावीपर्यंत पूर्ण मराठी माध्यमात शिकली, सेमीसुद्धा नाही. 2025 च्या मे महिन्यात निकाल लागला, विज्ञानात 91 मिळाले आणि तिनं सायन्स घ्यायचं ठरवलं. बायो तिचा जीव की प्राण. त्याच वर्षीपासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. त्या याद्या आणि फेऱ्या यांच्याबद्दल लिहीत नाही, शेवटी हवं ते कॉलेज मिळालं. पण कॉलेज सुरू व्हायला उशीर होता आणि तेवढ्या काळात सगळं गाव क्लास लावून मोकळं झालं होतं. शेजारच्या मुलानं एप्रिलमध्येच लावला होता. मग माझाही धीर सुटला.

आम्हाला फक्त बायोसाठी कुणीतरी हवं होतं. फिजिक्स-केमिस्ट्रीचं कॉलेज सुरू झाल्यावर बघता आलं असतं. पहिल्याच काउंटरवर कळलं की फक्त बायो मिळत नाही. पीसीबी, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-बायो, एकत्रच घ्यायचं, दोन वर्षांचं, मेडिकलच्या 'नीट' परीक्षेसकट. नीटच्या 720 गुणांपैकी 360 बायोचे असतात, 180 प्रश्नांपैकी 90, हे त्या काउंटरवरच्या मुलीनं मला तीनदा सांगितलं. नीटचा पेपर मराठीतूनही देता येतो, हे मात्र एकदाही नाही. ते मला नंतर दुसरीकडून कळलं.

डेमो लेक्चर फार सुंदर झालं, हे प्रामाणिकपणे सांगते. पुण्याहून एक सर आले होते. हृदय शिकवलं. मी मागच्या बाकावर बसले होते, मलासुद्धा झडपा समजल्या. लेकीचे डोळे चमकत होते. बाहेर आलो तर काउंटरवर पाटी : शनिवारपर्यंत प्रवेश घेतल्यास दहा टक्के सूट. त्या दिवशी शुक्रवार होता. मी पंचवीस हजारांचा पहिला हप्ता भरला आणि चार सह्या केल्या. लेकीला एक सॅक, एक टी-शर्ट आणि पुस्तकांचा गठ्ठा मिळाला. सॅकची चेन पाचव्या दिवशी तुटली.

पुण्याचे सर परत दिसले नाहीत.

बायोला जे सर आले ते तीन आठवड्यांनी बदलले, मग दुसरे आले. वर्गात ऐंशी मुलं. लेकीनं पहिल्या आठवड्यात एकदा हात वर केला. सरांनी विचारलं, "मराठी मीडियम का? मग रात्री जरा जास्त बसायचं," आणि पुढे गेले. ओरडले नाहीत, अपमान करायचा त्यांचा हेतूही नसावा. पण त्यानंतर तिचा हात वर गेला नाही. शंका असेल तर संध्याकाळी सहा ते सात 'डाउट काउंटर' असायचा, टोकन घेऊन बसायचं. एकदा मी तिला आणायला गेले तर हातात त्रेचाळीस नंबरचं टोकन घेऊन बसली होती, आणि काउंटरवर बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला असलेला एक मुलगा घामाघूम होऊन उत्तरं देत होता. त्याची दया आली मला.

जुलैत एका रात्री ती रडत म्हणाली, "आई, मला बायो येत नाही." ज्या मुलीनं सातवीत जास्वंदीचं फूल उभं चिरून पाटावर मांडलं होतं, तिचं हे वाक्य. त्या रात्री मी प्रवेश अर्जाची प्रत काढून पहिल्यांदा वाचली. पावतीच्या मागच्या बाजूला, आमच्या पतसंस्थेतही इतक्या बारीक अक्षरात काही छापत नाहीत अशा अक्षरात, होतं : 'कोणत्याही कारणास्तव फी परत मिळणार नाही.'

इथून पुढे काउंटर.

पहिल्या फेरीत मी फी मागितलीच नव्हती. फक्त म्हटलं, बायोच्या सरांना दोन मिनिटं भेटू द्या, मुलीचं कुठं अडतंय ते सांगते. "मॅडम, सरांना असं भेटता येत नाही. पॅरेंट्स मीटिंगला या." मीटिंग कधी? "मेसेज येईल." म्हणजे माझ्या मुलीला जो माणूस शिकवतोय त्याच्याशी बोलायला मला मेसेजची वाट बघायची होती. त्या घडीला मी ठरवलं, काढून घ्यायचं.

28 जुलैला अर्ज दिला. अर्जाची पोच मागितली तर म्हणे पोच देत नाही. मी म्हटलं, मग अर्जही देत नाही, इथंच बसते. शिक्का मिळाला. (ही सवय नोकरीची. कुठंही कागद दिलात की दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या, नाहीतर तुम्ही गेलाच नव्हतात असं धरतात.)

दुसरी फेरी : अकाउंट्सच्या मॅडम फक्त गुरुवारी येतात. तिसरी फेरी, गुरुवार : मॅडम आल्या होत्या, पण सेंटर हेड नव्हते. चौथ्या फेरीला हेड भेटले, फार गोड बोलले. चहा मागवला. "तुमची मुलगी हुशार आहे, घाई करू नका, आम्ही तिला वरच्या बॅचला टाकतो." माझी मुलगी खालच्या बॅचला होती हे मला त्या चहासोबत समजलं. पहिल्या आठवड्यात झालेल्या चाचणीवरून बॅचेस पाडल्या होत्या आणि पालकांना कुणी सांगितलं नव्हतं.

चहा मी प्यायले नाही. आता वाटतं, प्यायला हवा होता, पैसे माझेच होते.

दरम्यान नवऱ्यानं शोधून काढलं की केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानं जानेवारी 2024 मध्ये कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्यात आणि त्यात स्पष्ट आहे : मुलानं मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी त्या प्रमाणात 10 दिवसांत परत करावी. मी त्याची छापील प्रत घेऊन गेले. हेड म्हणाले, "त्या सूचना आहेत हो मॅडम, कायदा नाही." आता हा माणूस मला सूचना आणि कायद्यातला फरक शिकवणार! मी बाहेर येऊन जिन्यातच राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला. नंबर 1915, लक्षात ठेवायला सोपा. तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला, तो अर्जाच्या प्रतीवर मोठ्या अक्षरात लिहिला आणि सहाव्या फेरीला काउंटरवर उलटा धरून ठेवला, त्यांना नीट वाचता यावा असा.

त्यानंतर गाडी हलली. पण कशी? म्हणे नोंदणीचे पाच हजार परत नाहीत. साहित्याचे चार हजार कापणार, मुलीनं पुस्तकांवर पेन्सिलनं लिहिलंय. सॅक आणि टी-शर्टचे बाराशे. मी तुटक्या चेनची सॅक काउंटरवर ठेवली. "वापरलेली परत घेत नाही मॅडम." शेवटी 26 सप्टेंबरला 14,800 रुपयांचा चेक हातात आला. अर्ज दिल्यापासून 60 दिवस, सहा फेऱ्या आणि माझ्या तीन अर्ध्या रजा. आणखी भांडता आलं असतं. ग्राहक आयोगात जा असं ऑफिसातल्या दोघांनी सांगितलं. मी नाही गेले. दमले होते, आणि तोवर ज्यासाठी हे सगळं चाललं होतं ते घरी सुरळीत सुरू झालं होतं.

तेही सांगते, जरा उलट्या क्रमानं होतंय.

क्लास सोडल्यावर मध्ये एक ऑनलाइन प्रयोग झाला. एमबीबीएसला असलेला नात्यातला मुलगा, अतिशय हुशार. मोबाईलवर शिकवायचा. त्याला खरंच कळायचं नाही की हिला काय कळत नाही. दोन आठवड्यांत दोघंही एकमेकांना कंटाळली. नातं टिकलं हे नशीब.

मग कॉलेज सुरू झालं आणि प्रॅक्टिकलला लॅबमधल्या मामांनी, म्हणजे तिथल्या मदतनीसांनी, हिला एकदा सूक्ष्मदर्शकावर रेंगाळताना पाहिलं. मी जर्नल द्यायला गेले तेव्हा म्हणाले, "वहिनी, शाहूपुरीत जुन्या बाई राहतात. आमच्याच कॉलेजात होत्या, रिटायर झाल्यात. त्या क्लास घेत नाहीत, पण शिकवतात. विचारून बघा." मी इतके फोन केले, इतक्या बायकांना हळदीकुंकवात विचारलं, आणि पत्ता मिळाला मामांकडून. तुम्हीही कॉलेजात शिक्षक शोधत असाल तर स्टाफरूमच्या आधी लॅबमध्ये जा. कोण मुलांना हातानं करू देतं आणि कोण लांबून दाखवतं, ते त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलेलं असतं.

बाईंनी मला पाणी दिलं आणि बाहेर बसवलं. मुलीशी आत अर्धा तास बोलल्या. मी कान लावून होते, खोटं कशाला बोलू. त्यांनी विचारलं, "काय अडतंय?" ही म्हणाली, "सेल डिव्हिजन. प्रोफेज, मेटाफेज, काही लक्षात राहत नाही." बाई म्हणाल्या, "दहावीला सूत्री विभाजन होतं ना तुला? त्याच्या अवस्था सांग." हिनं घडाघडा सांगितल्या : पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था. कुठल्या अवस्थेत गुणसूत्रं मधोमध येतात, कुठल्या अवस्थेत दोन टोकांना ओढली जातात, सगळं. मग बाई म्हणाल्या, "अगं, तेच आहे हे. लग्न झाल्यावर आडनाव बदललंय फक्त. माणूस तोच."

आत शांतता. मग लेक हसली. तीन महिन्यांत मी ते हसू ऐकलं नव्हतं. बाहेर बसून माझ्या डोळ्यात पाणी आलं आणि सोबत राग, की ऐंशी मुलांच्या वर्गात एकानंही तिला हे एवढं एक वाक्य सांगितलं नाही.

बाईंनी तिला दोनशे पानी वही घ्यायला लावली. डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी. तंतुकणिका – मायटोकॉन्ड्रिया. हरितलवक – क्लोरोप्लास्ट. आंतर्द्रव्यजालिका – एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम. विकर – एन्झाइम. ज्याला मराठी शब्द आधी शिकलेलाच नाही, तिथं डावीकडे तिनं स्वतःच्या भाषेत काय ते लिहायचं. डायकायनेसिस या पेशीविभाजनातल्या एका टप्प्याच्या डावीकडे तिनं लिहिलंय : 'जोड्या सुटायची तयारी'. बाईंनी खोडलं नाही.

चार मुलं, शनिवार-रविवार, महिन्याला दीड हजार, महिना संपल्यावर. पहिल्या महिन्यात कांदा पाण्याच्या ग्लासवर ठेवून मुळं फुटू दिली, त्यांची टोकं कापून आम्लात जरा गरम केली, रंग दिला, काचेखाली अंगठ्यानं दाबली आणि बाईंच्या जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली धरली. मलाही बघायला बोलावलं. मला माझ्याच पापण्या दिसल्या. लेकीनं मात्र पंधरा मिनिटं शोधून मेटाफेजमधली एक पेशी काढलीच. बहुतेक पेशी विभाजनात नसतातच म्हणे, शोधाव्या लागतात. सप्टेंबरात चौघांना कासला नेलं आणि सीतेच्या आसवांची नाजूक जांभळी फुलं दाखवून सांगितलं की ही वनस्पती सूक्ष्म फुग्यांनी बारीक जीव पकडते. मी तीस वर्षं साताऱ्यात राहते, दरवर्षी कासला जाते, मला माहीत नव्हतं.

बाई कौतुक करत नाहीत, हे पालकांनी आधीच समजून घ्यावं. शाब्बास वगैरे काही नाही. चुकीचं उत्तर आलं की म्हणतात, "बरं. असं का वाटलं तुला?" आणि खरंच उत्तराची वाट बघतात. नवा शिक्षक ठरवताना मी आता एवढंच बघेन : मूल चुकल्यावर पहिलं वाक्य कुठलं येतं. डेमोत ते कळत नाही, डेमोत कुणी चुकतच नाही. एखाद्या साध्या मंगळवारी, चालू वर्गात अर्धा तास बसू द्या म्हणावं. बसू देत नसतील तर पावती फाडू नये.

आणि हो, मूल घरी आलं की "आज काय शिकवलं" असं विचारू नका. "आज तू काय विचारलंस" असं विचारा. क्लासच्या सहा आठवड्यांत माझ्या लेकीकडे याचं उत्तर नसतंच, पण तेव्हा हे विचारायला मला सुचलंच नव्हतं.

फिजिक्सचं अजून अडलेलंच आहे. त्याच्यासाठी मामांना विचारलंय, ते म्हणाले बघतो.

परवा क्लासकडून मेसेज आला : 'प्रिय पालक, आपल्या पाल्याचा दुसरा हप्ता थकीत आहे. विलंब शुल्क टाळण्यासाठी तीन दिवसांत भरणा करावा.' मी फोन लावला. तीच काउंटरवरची मुलगी. म्हणाली, "मॅडम, तुमचं झालंय ते माहितीये मला. पण सिस्टीममधून नाव निघत नाहीये. त्यासाठी तुम्हाला एकदा येऊन अर्ज द्यावा लागेल."