वसईतल्या घरी ईस्टरचे पाहुणे

नाताळला घर सजवायचे म्हटले की तारा, गोठा, कंदील हे सारे ठरलेलेच असते. ईस्टरला तसे फारसे काही ठरलेले नसते, आणि मला तर हीच या सणाची मोठी सोय वाटते. कारण ईस्टरपूर्वीचा उपासकाळ आणि त्याच्या अखेरीस येणारा पवित्र आठवडा यांमुळे घरची माणसे आधीच दमलेली असतात, त्यात वसईचा दमट उकाडा. शनिवारी रात्री पास्काच्या (ईस्टरच्या) जागरणाची मिस्सा, म्हणजे देवळातली उपासना, आटोपून घरी परतायला उशीर होतो. म्हणून रविवारच्या पाहुण्यांसाठी जे काही करायचे, त्यातले बहुतेक शनिवारी दुपारपर्यंत हातावेगळे झाले पाहिजे, आणि सजावटीचा व जेवणाचा बेत याच हिशेबाने ठरवावा.

उपासकाळात देवळात जांभळा रंग असतो, ईस्टरला पांढरा आणि सोनेरी. घरातही तेवढेच पुरते. आल्तारावर (घरातल्या प्रार्थनेच्या वेदीवर) इस्त्री केलेले पांढरे कापड, पितळी तांब्यात परसातला मोगरा आणि सोनचाफा, आणि ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी देवळातून आणलेल्या झावळीचा विणलेला क्रूस. (हा क्रूस वाळला तरी फेकायचा नसतो, पुढच्या वर्षी उपासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी लागणारी राख अशाच झावळ्या जाळून करतात.) परदेशी चित्रांत दिसतात म्हणून महागड्या लिलीच्या काड्या विकत आणण्यात मला अर्थ दिसत नाही. मेणबत्त्या मात्र उंच काचेच्या पेल्यांत ठेवाव्यात, कारण या दिवसांत पंखा बंद करून कोणी जेवायला बसणार नाही.

खरी मजा अंड्यांत आहे. त्यासाठी पांढरी अंडी घ्यावीत, गावठी अंड्यांवर नक्षी तितकी उठत नाही. कोथिंबिरीचे पान किंचित ओले करून कवचावर सपाट चिकटवावे आणि अंडे जुन्या मलमलीच्या तुकड्यात घट्ट आवळून बांधावे. पातेल्यात कांद्याची भरपूर कोरडी साले आणि चमचाभर व्हिनेगर घातलेले पाणी उकळून, त्यात ही पुरचुंडी मंद आचेवर शिजवावी व त्याच पाण्यात निवू द्यावी. कापड सोडले की तांबूस तपकिरी कवचावर पानाचा फिकट ठसा, दातेरी कडांसह, उमटलेला दिसतो. वरून तेलाचे बोट फिरवले की चकाकी येते. हळदीच्या पाण्यात पिवळा रंग मिळतो. पण उकडलेली अंडी एवढ्या उष्म्यात तासाभराहून अधिक वेळ बाहेर ठेवून नंतर खाऊ नयेत. दिवसभर मांडून ठेवायची असतील, तर दोन्ही टोकांना भोक पाडून अंडे फुंकून रिकामे करावे आणि कवच रंगवावे. आतला बलक-पांढरा फुग्यांच्या, म्हणजे तळलेल्या गोल पावांच्या, पिठात जातोच. चॉकलेटची अंडी इथे वितळतात, त्यामुळे मुलांना देण्यासाठी साच्यात घातलेली काजूच्या मार्झिपॅनची (काजू-साखरेच्या गोड गोळ्याची) अंडीच बरी.

जेवणात इंद्याल हे मांसाचे आंबट-तिखट कालवण हवेच, आणि ते यजमानाच्या फार सोयीचे आहे, कारण व्हिनेगरमध्ये मुरलेले मांस दुसऱ्या दिवशीच खरे लागते. फुगे मात्र ऐनवेळीच तळावेत. मैदा, अंडी आणि नारळाच्या दुधाचे पीठ आंबून वर आले की मुठीतून पिळून गरम तेलात सोडायचे. हे काम एकट्या गृहिणीवर न टाकता आलेल्या पाहुण्यांपैकी एखाद्या हौशी मावशींना कढईपाशी बोलावले, तर त्या खूशच होतात.

शेजाऱ्यांना बोलावताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ईस्टर पौर्णिमेनंतरच्या रविवारी येत असल्याने तो पुष्कळदा हनुमान जयंतीच्या आसपास पडतो; २०२६ मध्ये हनुमान जयंती २ एप्रिलला आणि ईस्टर ५ एप्रिलला आहे. त्या आठवड्यात मांसाहार न करणारे शेजारी असतात, आणि फुग्यांत अंडे असते हे त्यांना वरून पाहून कळत नाही, तेव्हा ते आपणहून सांगावे. त्यांच्यासाठी नारळाच्या दुधातला भात आणि वालाची भाजी वेगळ्या भांड्यांत करून, डावही वेगळे ठेवून, दुसऱ्या टेबलावर मांडावी.