सत्त्याण्णव माणसं

गाव सांगोला तालुक्यातलं असं म्हटलं की समोरचा हल्ली आधी हसतो आणि "काय झाडी, काय डोंगार" म्हणून दाखवतो. २०२२ च्या जूनमध्ये आमचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील गुवाहाटीहून फोनवर जे बोलले, ते साऱ्या महाराष्ट्राला पाठ आहे. हसून झालं की जुना प्रश्न येतो: "पण त्यांच्या आधी म्हणे एकच माणूस अकरा वेळा आमदार? तुमच्याकडे दुसरं कुणी उभंच राहत नव्हतं का?"

तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगतो.

उभे राहत होते. पाडतही होते. गणपतराव देशमुख, म्हणजे आमचे आबासाहेब, १९६२ साली शेतकरी कामगार पक्षाकडून, म्हणजे शेकापकडून, पहिल्यांदा निवडून आले. १९७२ ला पडले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ ला पुन्हा पडले, १९९९ ला पुन्हा आले. शेवटची निवडणूक जिंकली २०१४ साली, वय तेव्हा ८८. "अकरा वेळा" सगळ्यांना माहीत असतं. मधले दोन पराभव कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते गंमत त्यातच आहे.

१९९५ ला ते पडले १९२ मतांनी. पाडलं कुणी? याच शहाजीबापूंनी. मी तेव्हा सातवीत होतो. आमचा आज्जा लाल बावट्याचा, म्हणजे शेकापचा, कट्टर माणूस. संध्याकाळी निकाल कळला तसा तो जेवला नाही, ओट्यावर बसून राहिला. अण्णा, म्हणजे माझे वडील, गोठ्यातून काही बाहेर येईनात. आज्जाला काय ते उमगलं.

"तू त्याला दिलंस व्हय रं?"

अण्णा म्हणाले, "तेहतीस वरसं झाली. पाणी कुठं हाय?"

आज्जाने पाटी-पेन्सिल मागवली, माझीच. १९२ चे निम्मे ९६, त्यावर आणखी एक धरला की निकाल उलटतो. "सत्त्याण्णव माणसं फिरली," तो म्हणाला. "त्यातला एक माझ्या घरात निघाला." पुढे दोन-अडीच महिने दोघांचं बोलणं आईमार्फत चाललं. तालुक्यात अशी घरं कितीतरी असणार. त्या वर्षी ज्याला त्याला वाटत होतं की आबासाहेबांना आपणच पाडलं.

अण्णांचा सवाल खोटा नव्हता. आमचा तालुका पर्जन्यछायेतला. माण नदी वर्षातले बरेच महिने वाळूचीच. डाळिंबाने पुढे बरे दिवस दाखवले हे खरं, २०२० च्या डिसेंबरात देशातली शंभरावी किसान रेल्वे सांगोल्यातूनच सुटली. पण डाळिंबालाही पाणी लागतं, आणि ते आणायचं कुठून, तर कृष्णेतून. कराडजवळ टेंभूला नदी अडवायची, पंपांनी टप्प्याटप्प्याने पाणी वर चढवायचं आणि कालव्याने दुष्काळी गावांकडे सोडायचं. हे बोलायला एक वाक्य लागतं, व्हायला एक पिढी गेली. पाणी आलं तरी पंपांचं वीजबिल कुणी भरायचं हे भांडण असतंच.

त्यासाठी आटपाडीला पाणी परिषदा भरायच्या. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी आणि आबासाहेब ही त्यातली मोठी माणसं. पराभवानंतरच्या एका परिषदेला आमचे अण्णा, म्हणजे वडील, टेम्पोत उभे राहून गेले. कसलं भाषण झालं, घरी येऊन काहीच बोलले नाहीत. १९९९ ला मात्र मतदानाहून येताना आज्जासाठी पानसुपारी आणली. आज्जाने ती मुकाट्याने घेतली.

आता तुमचा पुढचा प्रश्न मला ठाऊक आहे. "ते एसटीने फिरायचे ना? साधे होते ना?" होते. पण या साधेपणाच्या गोष्टींचा मला जरा वैताग येतो. एसटीने तर आमचे मास्तरही फिरायचे, त्यांना कुणी अकरा वेळा निवडून दिलं नसतं. हा माणूस वकील होता आणि जवळजवळ सगळी कारकीर्द विरोधी बाकांवर बसला. मंत्री दोनदाच: १९७८ च्या शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि १९९९ नंतर विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात. विरोधी आमदाराच्या हातात असतं काय? मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यायला लावणारे तारांकित प्रश्न, तातडीच्या विषयावरची लक्षवेधी, खात्याच्या मागणीतले पैसे कापा म्हणणारी कपात सूचना. मंत्र्याने सभागृहात शब्द दिला की तो आश्वासन समितीच्या वहीत जातो, आणि मग वर्षानुवर्षं त्या शब्दामागे लागायचं. कंटाळवाणं काम आहे. याचे व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड होत नाहीत.

शिवाय पक्ष. शेकापची मोठमोठी माणसं एकेक करून काँग्रेसमध्ये गेली. केशवराव जेधे गेले, यशवंतराव मोहिते गेले. यशवंतराव चव्हाणांचं बेरजेचं राजकारण ते. आबासाहेब मुळात आमदारच झाले ते ही गळती लागून गेल्यावर, आणि शेवटपर्यंत शेकापमध्येच राहिले. कापूस फारसा न पिकणाऱ्या तालुक्यात शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी चालवून दाखवली.

सगळंच गोड नव्हतं. इतक्या वर्षांत दुसरी फळी उभी राहिली नाही, हा अण्णांचा आक्षेप मलाही पटतो. २०१९ ला ते थांबले तेव्हा पक्षाने उमेदवारी दिली ती त्यांच्या नातवालाच, डॉ. अनिकेत देशमुखांना. समोर पुन्हा शहाजीबापू. नातू ७६८ मतांनी पडला. आबासाहेब ३० जुलै २०२१ ला गेले. २०२४ ला दुसरे नातू, डॉ. बाबासाहेब देशमुख, शेकापकडूनच निवडून आले.

पण २०१९ च्या निकालाचं राहिलं. आज्जा जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मी पुण्यात ऑफिसात होतो. दुपारनंतर अण्णांचा फोन आला. हॅलो नाही, कसा आहेस नाही.

"तीनशे पंच्याऐंशी," म्हणाले, आणि ठेवून दिला.

माझं नाव अजून गावच्याच यादीत आहे. त्या वेळी मी मतदानाला गेलो नव्हतो.