रखडणारी डिस्क

दिवाळी अंकांची अक्षरजुळणी करणाऱ्या एका काकांच्या संगणकातील हार्ड डिस्क बंद पडली नव्हती. पण साधा फोल्डर उघडायलाही ती इतका वेळ घेई, की माणसाने चहा पिऊन यावे. बिघडलेल्या डिस्कमधून माहिती परत मिळवून देण्याच्या आमच्या कामात पूर्ण बंद पडलेल्या डिस्कपेक्षा अशी रखडत चालणारी डिस्क पुष्कळदा अधिक नुकसान करून घेते, कारण मालक तिच्यावर सतत काहीतरी करून पाहत असतो. काकांनीही चेकडिस्क, म्हणजे डिस्क तपासून दुरुस्त करू पाहणारी विंडोजची सोय, लावली होती. ती पुढेच सरकेना म्हणून वैतागून बंद केली, हे नशीब! दुरुस्तीच्या नावाखाली ती त्याच डिस्कवर लिहीत सुटते.

डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ज्या नोंदी ठेवते, त्या ‘स्मार्ट’च्या नोंदींचा एकूण निकाल ‘पास’ होता. या निकालावर मी कधीच विसंबत नाही. १९७ क्रमांकाच्या नोंदीत, म्हणजे वाचता न आल्यामुळे ताटकळत ठेवलेल्या सेक्टरांच्या (डिस्कवरच्या माहितीच्या छोट्या कप्प्यांच्या) मोजणीत, शेकड्यांनी आकडा दिसत होता. असा सेक्टर आला की डिस्क स्वतःच तो पुन्हापुन्हा वाचू पाहते आणि तोवर संगणकाला उत्तर देत नाही. रखडण्याचे कारण तेच.

फायली एकेक करून उचलण्याऐवजी मी डिस्क थेट साटा केबलवर जोडली आणि जीएनयू डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने तिची संपूर्ण प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, दुसऱ्या डिस्कवर उतरवायला घेतली. हा प्रोग्राम आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो, अडले की तिथून उडी मारून पुढे जातो आणि काय मिळाले, काय राहिले याची नोंद एका मॅपफाइलमध्ये ठेवतो. त्यामुळे डिस्क तापली की काम थांबवून नंतर तिथूनच सुरू करता येते. सोडलेल्या तुकड्यांकडे वळलो ते अगदी शेवटी, आणि काही ठिकाणी उलट्या दिशेने वाचल्यावर आणखी थोडे हाती लागले.

अंकाच्या पेजमेकर (पाने जुळवण्याचा प्रोग्राम) फायली प्रतिमेतून निघाल्या, पण माझ्या संगणकावर मजकुराच्या जागी अगम्य चिन्हे उमटली. जुने मराठी फाँट युनिकोडचे, म्हणजे सगळ्या संगणकांना समान असलेल्या अक्षरसंकेतांचे, नसतात. नेमका तोच फाँट नसेल तर लेख असून नसल्यासारखा. सुदैवाने विंडोजचा फाँटचा फोल्डर शाबूत होता. जाहिरातींची काही पाने मात्र गेली. ती पुन्हा जुळवावी लागली.

जाताना काकांनी विचारले, “ही फॉरमॅट करून सीसीटीव्हीला लावली तर?” मी साफ नाही म्हटले, तरी डिस्क त्यांनी पिशवीत टाकलीच.