दीडपट वेगाची कथा

नेटफ्लिक्सने २०२० मध्ये मोबाइलवर दीडपट वेगाने पाहण्याची सोय दिली. यूट्यूबवर तर दुप्पट वेग त्याच्याही आधीपासून आहे. ही सोय मीही सर्रास वापरतो. मात्र परवा एक नारदीय कीर्तन तसे ऐकू लागलो आणि आख्यानातला प्राणच गेल्यासारखे वाटले.

द्रौपदीवस्त्रहरणाची कथा कोणाला ठाऊक नसते? कृष्ण धावून येणार, हे आजीच्या मांडीवरच्या नातवालाही माहीत असते. तरीही दुःशासनाचा हात पदराला पोचला की कीर्तनकार कथा तेथेच थांबवतात, द्रौपदीच्या धाव्याचे पद घेतात, त्यातली एकच ओळ आळवून आळवून म्हणतात आणि पेटीवाल्याकडे पाहत क्षणभर गप्प होतात. मंडपातली चुळबूळ त्या क्षणी थांबते. मग कटाव, म्हणजे द्रुत लयीत म्हणायचे वर्णनपर पद्य, सुरू होतो, झांजा आणि तबला धावू लागतात आणि वस्त्रांचे ढीग नुसत्या शब्दांतून उभे राहतात. काय होणार, हे सर्वांना ठाऊक असते. बुवा ते केव्हा होऊ देणार, एवढीच उत्कंठा असते. दीडपट वेगात कटावाचा कलकलाट झाला, आणि ते गप्प राहणे तर लक्षातही आले नाही.

दैनंदिन मालिकांच्या संथपणाची आपण यथेच्छ टिंगल करतो. सुनेच्या हातून पूजेचे ताट पडते, तीन बाजूंनी तीनदा पडते, घरातल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर कॅमेरा फिरतो, वीज कडाडते आणि जेमतेम २२ मिनिटांचा भाग ताट उचलण्याआधीच संपतो. दूरदर्शनवरच्या १३ भागांच्या साप्ताहिक मालिकांत एवढी चैन करायला जागाच नसे. पण माझ्या मावशीकडे पाहिले की या संथपणाचे गणित उलगडते. ती मालिका पाहण्यापेक्षा ऐकतेच अधिक, तीही फोडणी देत आणि कुकरच्या शिट्ट्या मोजत. ताट तिसऱ्यांदा पडते तेव्हा ती पहिल्यांदा मान वर करते. लेखकाने घाई केली, तर तिचा धागाच तुटेल.

माझी तक्रार थांबण्याविषयी नाही. बुवा थांबतात ते श्रोत्याचा जीव टांगणीला लावून. मालिका बहुधा जाहिरातीसाठी थांबते. मावशीला या भेदाचे सोयरसुतक नाही. दीडपट वेगाची सोय मी तिला मोठ्या उत्साहाने दाखवली, तेव्हा तिने विचारले, ‘‘अरे, मग मी पोळ्या कधी लाटायच्या?’’