तुम्ही विचारलंत म्हणून: बँजो म्हणजे गणपतीतलाच ना?

नाही. मिरवणुकीतला बँजो मुळात बुलबुल तरंग आहे. तारांवर टाइपरायटरसारखी बटणं, आणि मूळ १९१२ च्या ताइशोगोतो या जपानी वाद्यात. अमेरिकेतला बँजो वेगळा. गोल कड्यावर ताणलेलं कातडं, वर दांडी. तो घडवला गुलाम म्हणून तिकडे नेलेल्या आफ्रिकी माणसांनी. पूर्वी मी 'तुमचं नाव चुकीचं' असं सांगायचो. ते सोडलं, नाव लोकांच्या तोंडी रुळलं की लोकांचंच. पण 'वाजतो तसाच ना' हे मात्र ऐकून घेणार नाही.

डिसेंबर १९४५ मध्ये अमेरिकेत नॅशव्हिलला मँडोलिनवादक बिल मन्रोच्या 'ब्लू ग्रास बॉइज' या बँडमध्ये २१ वर्षांचा बँजोवादक अर्ल स्क्रग्ज आला. त्याच्या आधीच्या बँजोने गाण्याचा वेग अडतो, असं बँडचा गायक लेस्टर फ्लॅटचं मत होतं. स्क्रग्ज तीन बोटांनी वाजवायचा: अंगठ्यात प्लास्टिकची नखी, तर्जनीत आणि मधल्या बोटात धातूची. चार ठोक्यांच्या घरात आठ स्वर, बोटं मात्र तीन. अंगठा-तर्जनी-मधलं, पुन्हा तेच, मग अंगठा-मधलं. म्हणजे ३-३-२. बोटांच्या या ठरलेल्या फेऱ्याला रोल म्हणतात. जोर ठोक्यावरून सरकत राहतो, आणि वेग वाढला तरी गाणं दमत नाही. पाच तारा जी-डी-जी-बी-डी या स्वरांत लावलेल्या. काही न दाबता जी मेजर कॉर्ड वाजतो. आखूड पाचव्या तारेची खुंटी दांडीच्या टोकाला नाही, तर कडेला पाचव्या पडद्यापाशी असते. तिचा वरचा जी तंबोऱ्यासारखा मध्येमध्ये घुमतो.

फसतं कुठे? एकच बोट लागोपाठ दोनदा आलं की रोल अडखळतो. शेवटचे दोन स्वर ओढून तीन केले की ठोका निसटतो. अनामिका-करंगळी कातड्यावर टेकवली नाही तर हात तरंगतो, तार चुकते. दमट हवेत कातडं सैल पडून आवाज बसतो, हे ढोलकीवाल्यांना सांगायला नको. म्हणून पुढे प्लास्टिकचं आलं.

ही पद्धत स्क्रग्जने शून्यातून काढली नाही. कॅरोलिनात स्नफी जेन्किन्स त्याच्या आधीपासून रेडिओवर तीन बोटांनी वाजवत होता. पण सप्टेंबर १९४६ चं शिकागोतलं रेकॉर्डिंग ऐका, बँजो तिथे गाण्याच्या बरोबरीने बोलतो. १९४८ मध्ये स्क्रग्ज आणि फ्लॅट दोघंही बाहेर पडले. मन्रोने ते मनाला इतकं लावून घेतलं की फ्लॅटशी कित्येक वर्षं अबोला धरला.

मग ब्लूग्रास, म्हणजे या बँडवरून नाव पडलेलं संगीत, कोणाचं? बरीच वर्षं मी मन्रोचं म्हणायचो, कारण बँड त्याचा, वेग त्याचा, मँडोलिन त्याचं. आता स्क्रग्जचं म्हणतो. आणि तरी ते मँडोलिन एकटं कानावर पडलं की उत्तर पुन्हा हलतं.