तिसऱ्या बुधवारनंतर त्या यायच्या बंद झाल्या

पुण्यातल्या एका वस्तीत मी पालकांचा गट घेते, अंगणवाडीच्या खोलीत, दर बुधवारी दुपारी 3 ला. मुलांना न मारता वळण कसं लावायचं, आपलाच राग डोक्यात गेला तर काय करायचं, असं सगळं. पहिल्या दिवशी 22 जणी आल्या, तिसऱ्या बुधवारी 9. मग लगेच कुणीतरी म्हणतंच, "ह्यांना मुलांचं काही पडलेलंच नाही." हे वाक्य मला आता खरंच ऐकवत नाही.

कारण मी घरी जाऊन बघितलंय. एका ताईकडे पाणी साडेतीनला येतं आणि तासाभरात जातं, म्हटलं मग आपण 5 ला बसू, तर ती गप्पच. चहा ठेवला, गाळणी शोधता शोधता पाठमोरीच म्हणाली, "मॅडम, तुमच्या हजेरीच्या कागदावर वर काय लिहिलंय ते मला वाचता येतं." वर लिहिलं होतं, जोखमीची कुटुंबं. दर बुधवारी ती त्याखाली सही करत होती!! आणि आमचा मेसेज जायचा नवऱ्याच्या फोनवर, घरात फोन तेवढा एकच, तो वाचून तिलाच विचारणार, पोरांना मारतेस म्हणून बोलावतात का तुला.

कागद त्याच आठवड्यात बदलला, वेळ 5 केली. आता जी आली नाही तिच्याकडे दुसऱ्या दिवशी जायचं, ओट्यावर 10 मिनिटं बसून बुधवारी काय झालं ते सांगायचं, आणि आधी तिचं ऐकायचं.

घरी जाण्यात किती ताकद आहे बघा. अमेरिकेत एल्मायरा भागात डेव्हिड ओल्ड्स या संशोधकांनी 1978 पासून 400 गरोदर बायकांचा अभ्यास केला, त्यातल्या काहींकडे मूल 2 वर्षांचं होईपर्यंत नर्स घरी जायच्या. 15 वर्षांनी बघितलं तर त्या घरांत मुलांच्या छळाच्या, हेळसांडीच्या नोंदी, नर्स न गेलेल्या घरांच्या मानाने, जवळपास निम्म्याच होत्या. पण जिथे नवरा-बायकोत मारहाण फार, तिथे हा फायदा दिसलाच नाही. हे वाचून मी कितीतरी वेळ तशीच बसून होते, कारण आम्ही सगळं आईलाच शिकवतोय.

म्हणून आता रविवारी सकाळी बाप लोकांना बोलावतो. पहिल्यांदा 4 जण आले, त्यातले दोघं दारातच उभे. त्या पाणीवाल्या ताईचा नवरा नव्हता, या शनिवारी परत जाणार आहे मी त्यांच्याकडे.